प्रयोगशाळेबाहेर काय जाते?

अमेरिकेतल्या नॉक्सव्हिल शहरातल्या टेनेसी विद्यापीठाचे दोन प्राध्यापक तेरा वर्षांच्या अंतराने न्यायालयापुढे उभे राहिले. दोन्ही खटल्यांचा सूर एकच होता: विद्यापीठातले संशोधन, परदेशाशी संबंध आणि देशाची सुरक्षा. पहिले रीस रॉथ, विद्युत अभियांत्रिकीतले ज्येष्ठ प्राध्यापक. हवाई दलाच्या पैशावर, विद्यापीठातूनच उभ्या राहिलेल्या ॲटमॉस्फेरिक ग्लो टेक्नॉलॉजीज नावाच्या छोट्या कंपनीबरोबर त्यांचे काम चालू होते. मानवरहित विमानाच्या पंखांवरून वाहणारी हवा प्लाझ्माच्या साह्याने कशी वळवता येईल, हा त्याचा विषय. कामाची वाटणी सुरुवातीला चोख केलेली होती. नियंत्रित माहिती अमेरिकी विद्यार्थ्याने कंपनीत हाताळायची, चिनी विद्यार्थ्याने विद्यापीठात केवळ उघड माहितीवर काम करायचे. पण एकाचे मोजमाप दुसऱ्याला लागे आणि आठवड्याचा अहवाल दोघांचा मिळून एकच जाई, त्यामुळे ही भिंत कधी विरघळली ते कोणाला कळलेच नाही. पुढे एका इराणी विद्यार्थ्यापर्यंतही माहिती पोचली आणि २००६ साली रॉथ प्रकल्पाशी संबंधित फाइली घेऊन चीनला गेले. विद्यापीठाच्या निर्यात-नियंत्रण अधिकाऱ्याने त्यांना आधी सावध केले होते. २००८ साली ते दोषी ठरले आणि २००९ साली त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. दुसरे प्राध्यापक अनमिंग हू. २०१८ साली सुरू झालेल्या ‘चायना इनिशिएटिव्ह’ या मोहिमेच्या काळात त्यांना अटक झाली. आरोप तंत्रज्ञान चोरल्याचा नव्हताच. नासाचा निधी घेताना बीजिंगमधल्या एका विद्यापीठाशी असलेला संबंध लपवला, असा होता. ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना निर्दोष सोडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती मोहीमच गुंडाळली गेली.

उद्योगाशी करार करायला निघालेल्या प्रत्येक प्राध्यापकाने, संशोधन अधिष्ठात्याने आणि कुलसचिवाने हे दोन खटले शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात धोका खरा होता आणि तो कामातच दडलेला होता. कोणते ज्ञान, कोणत्या वाटेने, कोणाच्या हाती जाते आहे, हे कोणी तरी अधूनमधून तपासत राहिले असते तर तो वेळीच दिसला असता. दुसऱ्यात यंत्रणेने माणसाचे लागेबांधे धुंडाळले आणि हाती काही लागले नाही; एका संशोधकाच्या आयुष्यातली दोन वर्षे तेवढी गेली. जोखीम तपासायची ती कामापासून सुरुवात करून, आणि करारावर सही होण्याआधी, असे माझे म्हणणे आहे. भागीदाराचे नाव, देश, मालकी यांचा विचार करायचाच आहे, पण तो कामाच्या संदर्भात. नुसते नाव पाहून कोणाला नकार देणे जितके आळशीपणाचे, तितकेच नुसते नाव पाहून कोणाला होकार देणेही.

कामापासून सुरुवात करायची म्हणजे प्रकल्पाचे शीर्षक बाजूला ठेवायचे. शीर्षके नेहमीच निरुपद्रवी असतात. नाशिकच्या द्राक्षबागांत फवारणी करणारा ड्रोन घ्या. त्यात देशाच्या सुरक्षेचे काय आले, असे कोणीही म्हणेल. पण क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेच्या, म्हणजे एमटीसीआरच्या सूचीत स्वतःहून उडू शकणारी आणि वीस लिटरहून अधिक द्रव तुषाररूपाने फवारू शकणारी मानवरहित विमाने नोंदलेली आहेत, कारण टाकीत बुरशीनाशक आहे की विषारी रसायन हे विमानाला कळत नाही. भारत २०१६ सालापासून या व्यवस्थेचा सदस्य आहे. थायोडायग्लायकॉल हे रसायन शाई आणि कापडरंगाच्या धंद्यात लागते. त्याच्यापासून एका पायरीवर मस्टर्ड वायू तयार होतो, म्हणून रासायनिक शस्त्रास्त्रबंदी करारात त्याचे नाव आहे. कार्बन फायबरपासून गोल्फच्या काठ्या बनतात आणि युरेनियम समृद्ध करणारी सेंट्रिफ्यूजही. तेव्हा प्रमुख संशोधकाने स्वतःला विचारायचा पहिला प्रश्न असा: या कामाचे फळ माझ्या मनात असलेल्या वापराशिवाय आणखी कुठे उपयोगी पडेल, आणि तिथे पोचायला किती पायऱ्या उरतील? या प्रश्नाचे उत्तर कार्यालयातला कारकून देऊ शकत नाही, वकील देऊ शकत नाही. ते काम जाणणाऱ्यालाच द्यावे लागते. म्हणूनच ‘जोखीम मूल्यमापन’ हा छापील अर्ज शेवटच्या दिवशी सहायकाकडून भरून घेण्याची पद्धत निरर्थक आहे.

मँचेस्टर विद्यापीठाचे उदाहरण इथे फार उपयोगाचे आहे. तिथल्या संशोधकांनी स्कॅम्प नावाचे दृष्टिसंवेदक तयार केले होते. साध्या कॅमेऱ्यात चित्र आधी टिपले जाते आणि मग संगणकाकडे पाठवले जाते. स्कॅम्पमध्ये प्रत्येक चित्रबिंदूपाशीच छोटा प्रक्रियक असतो, त्यामुळे दिसले ते जागच्या जागी, अत्यंत वेगाने आणि थोड्या विजेत समजून घेता येते. यंत्रमानवाला ते हवे, खेळण्याला हवे, आणि लक्ष्य शोधणाऱ्या ड्रोनलाही हवे. बीजिंग इन्फिनिट व्हिजन टेक्नॉलॉजी या कंपनीला त्याचा परवाना देण्याचे ठरले होते. जुलै २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारने राष्ट्रीय सुरक्षा व गुंतवणूक कायद्याखाली हा व्यवहार रोखला. त्या कायद्याखाली पूर्णपणे रोखलेला हा पहिलाच व्यवहार. यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की व्यवहाराची माहिती विद्यापीठाने स्वतःच सरकारला दिली होती. परवाना देऊन झाल्यावर, पैसे खर्चून झाल्यावर आणि आकृत्या पाठवून झाल्यावर हा प्रश्न उठला असता, तर निर्णय कितीही योग्य असला तरी परत आणण्यासारखे काही उरले नसते. यंत्र परत मागवता येते. समजावून सांगितलेली गोष्ट परत मागवता येत नाही.

इथे विज्ञानाच्या खुलेपणाची बाजू मांडणारे वाचक अस्वस्थ होतील, आणि त्यांची अस्वस्थता रास्त आहे. ज्ञान वाटल्याने वाढते, मूलभूत संशोधनाला कुंपण घातले की ते खुरटते, हे खरेच आहे. भारतीय नियमांनाही ते मान्य आहे. निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तू आणि तंत्रज्ञानाची आपली सूची ‘स्कोमेट’ या नावाने ओळखली जाते आणि परकीय व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, ती राबवते. आधीच सर्वांसाठी खुली असलेली माहिती आणि मूलभूत वैज्ञानिक संशोधन यांना तिथे सूट आहे. पण उद्योगाबरोबरच्या प्रकल्पाला ही सूट सहजासहजी लागू होत नाही, आणि त्याचे कारण आपणच करारात लिहून दिलेले असते. कंपनी पैसे देते ते निकाल आधी तिला मिळावेत म्हणून. ती गोपनीयतेचा करार मागते, प्रबंध छापण्यापूर्वी पाहायला मागते, काही भाग वगळायला सांगते. आपण सही करतो. त्या क्षणी आपणच कबूल केलेले असते की ही माहिती खुली नाही. एका हाताने गोपनीयतेवर सही आणि दुसऱ्या हाताने खुल्या विज्ञानाचा झेंडा, असे दोन्ही एकदम चालत नाही. ज्याला खरोखर खुले संशोधन करायचे आहे त्याने करारातच छापण्याचे स्वातंत्र्य राखून घ्यावे. पेटंटच्या अर्जासाठी महिना-दोन महिन्यांचा अवधी कंपनीला द्यावा, पण नकाराचा अधिकार देऊ नये. खुलेपणाचे सर्वांत चांगले रक्षण तेच आहे आणि सुरक्षेच्या प्रश्नातले निम्मे गुंते त्याने आपोआप सुटतात.

‘निर्यात’ हा शब्दही विद्यापीठात चुकीचा समजला जातो. निर्यात म्हटले की न्हावाशेवा बंदरातले कंटेनर डोळ्यांपुढे येतात. पण परकीय व्यापार कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने आणि त्याआधी सर्वसंहारक शस्त्रांसंबंधीच्या २००५ च्या कायद्याने तंत्रज्ञानाचे हस्तांतरणही कक्षेत आणले आहे. नियंत्रित तंत्रज्ञानाचा आराखडा ई-मेलने परदेशी पाठवला, तरी प्रश्न उभा राहतो. सूचीत नाव नसलेली गोष्टही, ती अण्वस्त्र, रासायनिक वा जैविक अस्त्र किंवा क्षेपणास्त्रासाठी वापरली जाणार हे माहीत असेल, तर पाठवता येत नाही. पेटंट कायद्याचे ३९ वे कलमही अनेकांना उशिरा भेटते: भारतात राहणाऱ्या संशोधकाला परदेशात थेट पेटंट अर्ज करायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते, नाहीतर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबावे लागते. परदेशी भागीदार कंपनी ‘आम्ही आमच्याकडेच अर्ज करतो, तुम्ही काळजी करू नका’ असे म्हणते तेव्हा काळजी करावी.

काम समजल्यावर भागीदाराकडे वळावे. सोयरीक जुळवताना चार गावांत चौकशी करणारी आपली माणसे करार करताना मात्र कंपनीच्या चकचकीत सादरीकरणावर भागवतात. कंपनी भारतात नोंदलेली असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचे संचालक, वार्षिक विवरणपत्रे आणि भागधारणा पाहता येते. नाममात्र शुल्क लागते आणि एक दुपार. पत्ता पुण्याचा असला तरी भांडवल कुठून येते, मूळ कंपनी कोणती, तिच्यावर कोणत्या सरकारचा वा सैन्याचा वचक आहे, तिच्या इतर गिऱ्हाइकांत कोण आहेत, हे विचारावे. आणखी एक साधी कसोटी आहे: कंपनी जे मागते आहे ते तिच्या धंद्याशी जुळते का? घरगुती उपकरणे बनवणारी कंपनी अतिउच्च तापमान सोसणाऱ्या लेपासाठी भरपूर पैसे द्यायला निघाली, तिला प्रकाशित निबंध नको आणि कच्ची मोजमापे मात्र सगळी हवीत, तर तिच्याकडे नम्रपणे खुलासा मागावा. प्रामाणिक कंपनीकडे त्याचे उत्तर तयार असते.

मग सरळ यादीच का करू नये, अमुक देश आणि अमुक संस्था नकोत म्हणून? कॅनडाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारने संशोधन भागीदाऱ्यांसाठी राष्ट्रीय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे आणली. त्यांत कोणत्याही देशाचे नाव नव्हते. खासगी कंपनीबरोबर निधी मागणाऱ्या प्राध्यापकाने विषय किती संवेदनशील आहे, भागीदार कोण आहे आणि धोका कमी करण्यासाठी काय करणार, हे लिहून द्यायचे. २०२४ च्या जानेवारीत त्याच्या जोडीला दुसरे धोरण आले: संवेदनशील तंत्रज्ञानाची अकरा क्षेत्रे आणि चीन, रशिया व इराणमधल्या शंभराहून अधिक संस्थांची नावे. अशा क्षेत्रात काम पुढे नेणारा, आणि यादीतल्या संस्थेशी सध्या जोडलेला, संशोधक प्रकल्पात असेल तर केंद्राचा निधी नाही. यादीने कामात स्पष्टता येते, हे नाकारता येणार नाही. विशेष म्हणजे तिथे पाहायचे ते संस्थेशी असलेले नाते. माणसाचा पासपोर्ट नव्हे, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. पण यादीची सवय लागली की डोके चालणे थांबते. यादीत नाव नाही म्हणजे सगळे आलबेल, असा अर्थ निघू लागतो, आणि नवे नाव घेऊन उभी राहिलेली कंपनी कुठल्याच यादीत नसते. शिवाय यादीत नाव असणे म्हणजे काय, हे मुंबईकरांना सांगायला नको. ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र जानेवारी २०२५ पर्यंत अमेरिकेच्या निर्यात-निर्बंध सूचीत होते. त्या काळात साधे उपकरण मागवतानाही ज्यांना खुलासे द्यावे लागले, त्यांना याद्यांची उपयुक्तता आणि त्यांचा बोथटपणा दोन्ही ठाऊक आहेत. आपल्या विभागातल्या एखाद्या परदेशी विद्यार्थ्याकडे किंवा ईशान्येकडून आलेल्या मुलाकडे नुसत्या चेहऱ्यावरून संशयाने पाहिले जाऊ लागले, तर ते अन्यायाचे आहेच, वर खऱ्या धोक्यावरून लक्ष उडवणारेही आहे.

खरा धोका बहुधा साध्या, कंटाळवाण्या वाटेने येतो. पाकिस्तानच्या अणुबाँबमागचे शास्त्रज्ञ अब्दुल कादीर खान यांच्या प्रकरणाची उजळणी भारतीय वाचकाने या नजरेने करावी. १९७२ साली ते ज्या डच कंपनीत रुजू झाले ती ‘एफडीओ’ ही युरेनियम समृद्धीकरण करणाऱ्या युरेन्को या मुख्य संस्थेची उपकंत्राटदार प्रयोगशाळा होती. मुख्य ठिकाणी पहारा होता. उपकंत्राटदाराकडे तो सैल होता. भाषा येत असल्याने सेंट्रिफ्यूजचे जर्मन दस्तऐवज भाषांतरासाठी त्यांच्या हाती आले. १९७५ च्या अखेरीस ते पाकिस्तानला परतले, आणि पुढचे आपण जाणतो. विद्यापीठ हे अशा साखळीत नेहमी उपकंत्राटदाराच्याच जागी असते: दारे उघडी, माणसे बदलती, रात्री उशिरापर्यंत वावर. म्हणून वाटा मोजाव्यात. प्रयोगाची मोजमापे कोणत्या सर्व्हरवर आहेत आणि तो कंपनीच्या ताब्यात तर नाही ना? कंपनीचा माणूस प्रयोगशाळेत बसणार असेल तर शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कुठल्या प्रकल्पाचे काम चालते? नमुने कुरिअरने जातात का, आणि पाकिटावर काय लिहिलेले असते? परिषदेला जाणाऱ्याच्या लॅपटॉपमध्ये गेल्या पाच वर्षांचे सगळे काम असण्याची काय गरज? प्रवासासाठी विभागात एक कोरा लॅपटॉप ठेवणे हा स्वस्त उपाय आहे, आणि तो दिला म्हणून कोणाचा अपमान होत नाही.

धोका कमी करण्याचे उपाय लिहिताना रॉथ प्रकल्पातली ती विरघळलेली भिंत डोळ्यांपुढे ठेवावी. ‘संवेदनशील भाग वेगळा ठेवू’ हे वाक्य प्रत्येक प्रस्तावात असते. पण दोन विद्यार्थी एकाच गाइडकडे, एकाच चहाच्या टपरीवर, एकमेकांच्या आकड्यांवर अवलंबून असतील, तर ही वाटणी कागदावरच राहणार. वेगळे ठेवता येत नसेल तर तसे कबूल करून प्रकल्पाची आखणीच बदलावी: संवेदनशील टप्पा कंपनीने स्वतःच्या आवारात करावा, विद्यापीठाने त्याआधीच्या, छापता येण्याजोग्या टप्प्यावर थांबावे. विद्यार्थ्याला ज्या भागावर प्रबंध लिहायचा आहे तो भाग बंद दाराआड जाणार नाही, याची खात्री प्रवेशाच्या वेळीच करावी. चार वर्षांनी ‘हे छापता येणार नाही’ असे सांगणे ही सुरक्षेच्या नावाखाली केलेली फसवणूक ठरते. करारात उपपरवान्याला आधी लेखी संमती लागेल, कंपनीची मालकी बदलली तर विद्यापीठाला कळवावे लागेल आणि बाहेर पडता येईल, तिसऱ्या पक्षाला माहिती देता येणार नाही, ही कलमे असावीत. यांतले मालकी बदलाचे कलम सर्वाधिक विसरले जाते. स्टार्टअपशी करार करताना आपण तिच्या आजच्या दोन उत्साही संस्थापकांशी करार करत असतो. तीन वर्षांनी ती विकत घेणाऱ्याशीही तो झालेला असतो.

एवढे सगळे करायचे तर पैसे देणारी कंपनी निघून जाईल, ही सर्वांत प्रामाणिक हरकत. राज्य विद्यापीठांत रिक्त जागा, तुटपुंजा निधी, त्यात कोणी उद्योग दारात आला तर त्याला प्रश्नपत्रिका द्यायची? उत्तर असे, की बहुतेक प्रकल्पांना फारशी छाननी लागतच नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीतल्या वाळूचा पुनर्वापर किंवा साखर कारखान्याच्या सांडपाण्यावरचा प्रयोग पहिल्या प्रश्नातच मोकळा होतो, आणि व्हायला हवा. छाननी कामाच्या वजनानुसार असावी. सर्वांना एकच चाळीस पानी अर्ज देणारी संस्था दोन वर्षांत सर्वांना खोटी उत्तरे लिहायला शिकवते. ही जबाबदारी सरकारची आहे, ही दुसरी हरकतही अर्धीच खरी. परवाना देणे-नाकारणे सरकारचे काम, पण कोणत्या फायलीत विचारण्यासारखे काही आहे हे सरकारला प्रयोगशाळेतून कळते, मँचेस्टरहून कळले तसे. लहान महाविद्यालयाला स्वतंत्र कार्यालय नको. विषय जाणणारा पण प्रकल्पात नसलेला एक प्राध्यापक, करार पाहणारा एक अधिकारी, आणि स्कोमेट सूची उघडून बसण्याइतका अर्धा दिवस, एवढ्यावर सुरुवात होते. शंका उरली तर डीजीएफटीकडे लेखी विचारणा करावी. काय विचारले, काय ठरले आणि का, याची एक पानी नोंद तारखेसह ठेवावी. वाद झालाच तर संशोधकाला वाचवणारा कागद तोच असतो.

ती नोंद फायलीत पडून राहू नये. प्रकल्प जन्मतो एका रूपात आणि वाढतो दुसऱ्याच रूपात. नवा विद्यार्थी आला, नवा भागीदार जोडला, कंपनीने मागणी वाढवली, की ते पान पुन्हा उघडावे आणि जुन्या उत्तरांपुढे नवी तारीख टाकावी. द्राक्षबागेतल्या त्या ड्रोनची टाकी पहिल्या वर्षी दहा लिटरची असते. तिसऱ्या वर्षी कंपनी पंचवीस लिटरची मागते, वर चालकाशिवाय रात्री उडणारी आवृत्तीही. त्या दिवशी विभागात कोणाच्या तरी हे लक्षात यायला हवे की कालपर्यंतचा शेतीचा प्रकल्प आता एका सूचीतल्या ओळीला जाऊन भिडला आहे.